१,७९,९५१ ने भागल्यावर

आई गेल्याचं छापील पत्र पाठवल्यावर उत्तरादाखल त्रेसष्ट कार्डं आली. बासष्टांवर जे लिहायची रीत आहे तेच लिहिलेलं होतं. त्रेसष्टाव्यावर, मागच्या कोऱ्या बाजूला, फक्त सहा आकडे होते, १७९९५१, आणि खाली नाव: आल्ट्ये काउपर, लॉपरसुम. मी ते जिन्यातच उभ्या उभ्या वाचलं. कुणा म्हातारीनं टेलिफोनचा नंबर अर्धवट लिहिला असेल, असं वाटून मी ते बाजूला ठेवलं असतं. पण ते दोन नऊ. दोघांचेही पाय पट्टीनं ओढल्यासारखे सरळ खाली उतरले होते आणि डोकी घट्ट मिटलेली. असा नऊ सत्तावन्न वर्षांत मी फक्त आईच्या हातचा पाहिला होता: वाणसामानाच्या यादीत, माझ्या स्वेटरच्या मापांत, शेवटी शेवटी इस्पितळात किती पाणी प्यायली त्या नोंदीत. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही तिला पुरलं होतं आणि आता तिचा नऊ टपालानं घरी आला होता. हातातली पावाची पिशवी मी पायरीवर ठेवली आणि तिथंच बसले. वरच्या मजल्यावरचे शेजारी माफी मागत माझ्या बाजूनं वर गेले.

पत्र कुणाकुणाला धाडायचं याची यादी आईनंच करून ठेवली होती. तिचा स्वभावच तसा, मागे राहणाऱ्यांना शोधाशोध नको. त्या यादीत आल्ट्ये काउपर हे नाव घराच्या नंबरासकट होतं आणि मी काही विचार न करता पाकिटावर उतरवलं होतं. हे नाव मी आईच्या तोंडून कधीच ऐकलेलं नव्हतं. लग्नाआधी ती आमच्याच शहरात, खोनिंगनमध्ये, एका गणनकक्षात चौदा महिने कामाला होती, एवढं मात्र ठाऊक होतं. मोजण्याची कामं करणाऱ्या मुलींची खोली, डॉक्टर विबेंगा नावाचे प्रमुख, हातानं दांडा फिरवायची यंत्रं. विचारलं की ती म्हणायची, "दांडा फिरवायचो, आणखी काय." पण काहीही मोजलं की दुसऱ्यांदा, उलट्या टोकाकडून मोजायची सवय तिला तिथलीच. शाळेतून यायला उशीर झाला की ती मला आणि माझ्या मैत्रिणीला वेगवेगळं गाठून विचारायची, आणि आमची उत्तरं अगदी शब्दाला शब्द जुळली की तिचा चेहरा कठोर व्हायचा. जुळलं म्हणजे खरं, असं इतर आया समजत. माझ्या आईला तंतोतंत जुळण्याची भीती वाटायची. ती का, हे मला त्या कार्डानंतर चार दिवसांनी, कपाटातल्या निळ्या फायलीत कळलं.

फायलीत तीन कागद होते. दोन १९५३ सालचे, छापील चौकटींचे, दोन वेगवेगळ्या हातांनी भरलेले, पण नऊ दोन्हीकडे सारखेच. आकडे कसे काढायचे हे तिथं शिकवत असणार. दोन्हींच्या माथ्यावर एकच संख्या: ५७६४६०७५२३०३४२३४८७. मी ग्रंथालयात काम करते, गणित माझं नव्हे. तरी त्या आठवड्यात या अठरा आकड्यांबरोबर मी जेवढी राहिले तेवढी कुणा माणसाबरोबर राहिले नाही. दोनाला दोनानं गुणत जायचं, एकोणसाठ दोन संपले की आलेल्यातून एक काढून टाकायचा. उरते ती ही. नुसत्या एक आणि शून्यांत लिहिली तर एकोणसाठ एक ओळीनं उभे राहतात, मध्ये एकही शून्य नाही. सम संख्येला निदान दोनाचं दार असतं. हिला तसं काही नाही. आकड्यांची बेरीज शहात्तर, म्हणजे तीनही गेला. हिला जिनं भाग जाईल अशी मूळ संख्या एकशे अठराच्या कुठल्यातरी पटीहून एकानं मोठीच असली पाहिजे, बाकी कुणाला हिच्या आत प्रवेश नाही. त्यांतले नको ते गाळले की पहिला उमेदवार १०६३. विबेंगांनी मुलींना दोन लाखांपर्यंतची दीडशेएक भाजकांची यादी आखून दिली होती. प्रत्येक भाजकापुढे बाकी लिहायची. बाकी शून्य आली की दार सापडलं.

कामाचा नियम, ग्रंथालयातल्या जुन्या अहवालांत मला सापडला तो, असा. एकच भागाकार दोन मुलींनी करायचा, एकीनं सकाळी, दुसरीनं दुपारी, एकमेकींचा कागद न बघता. आठवडाअखेर दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. बाक्या जुळल्या तर उत्तर नोंदवहीत जाणार, नाहीतर दोघींनी पुन्हा पहिल्यापासून. आणि मुली खरंच दांडा फिरवतात की नुसत्या खिडकीबाहेर बघतात, हे तपासायला विबेंगा प्रत्येक ढिगात एक अशी संख्या सरकवून देत, जिचं उत्तर जुन्या पुस्तकांत छापलेलं होतं आणि त्यांना तोंडपाठ होतं. मुलींना एवढं ठाऊक होतं की असा एक पिंजरा लावलेला असतो. कुठला ते ठाऊक नसायचं. ही संख्या तो पिंजरा होती. तिला १७९९५१ नं पूर्ण भाग जातो. भागाकार येतो ३२०३४३१७८०३३७, बाकी शून्य, आणि ही दोन सोडली की तिला तिसरं दार नाही. आईच्या कागदावर १७९९५१ पुढे बाकी होती १४९५९४. आल्ट्ये काउपरच्या कागदावरही १४९५९४. दोन माणसं चुकतील, पण सहाच्या सहा आकड्यांत सारखीच चुकणार नाहीत. एकीनं दुसरीचं उतरवलं होतं. समासात लाल शाईत, तिसऱ्या हातानं लिहिलं होतं: "कोणी?"

तिसरा कागद शाळकरी चौकड्यांच्या वहीचा होता. माझ्याच वहीचा, कोपऱ्यात मी काढलेली होडी अजून दिसत होती. त्यावर आईच्या अक्षरात सबंध भागाकार, यंत्राशिवाय, हातानं केलेला, तीन ठिकाणी खोडलेला, शेवटी शून्य. त्याखाली दुसरा, छोटा भागाकार. एकावर अकरा शून्यं, भागिले १७९९५१. बाकी १४९५९४. आणि बाजूला: "यंत्र ४. अकराव्या चाकाचा हातचा बाराव्यावर गेला नाही. एकदाच. दोघींच्या वेळी." तारीख ऑक्टोबर १९७१. मला तो दिवस आठवत होता, आणि तो त्या दिवसाचा आहे हे मला आता कळलं. मी अकरा वर्षांची. शाळेतून आले तर घरात करपल्याचा वास, बटाट्यांतलं पाणी आटून भांडं काळं पडलेलं, आणि आई टेबलाशी, अंगात ॲप्रन, समोर माझी गणिताची वही. मी म्हटलं, "आई, भांडं!" तिनं माझ्याकडे पाहिलं, ते असं की मी कुणी परकी बाई आहे आणि तिला काही विचारायला आले आहे. "मी नाही," ती म्हणाली. मग भानावर येऊन गॅस बंद केला. भांड्याबद्दल म्हणते आहे असं मला वाटलं होतं. त्यानंतर कितीतरी आठवडे ती जेवताना गप्प असायची, आणि बाबा म्हणायचे, आईला जरा बरं नाही. शेचाळीस वर्षं. तिच्याकडे पत्ता होता.

लॉपरसुमला गाडीनं पाऊण तास लागत नाही. निघण्यापूर्वी मी एक गोष्ट केली, ती इथं लिहिते. तो छोटा भागाकार मी कोऱ्या कागदावर माझ्या अक्षरात उतरवून घेतला. मनाशी म्हटलं, तिला एवढंच कळणं पुरे आहे: दोघींपैकी कुणीच लबाडी केली नव्हती, यंत्र चुकलं होतं. कोणी शोधलं, कधी शोधलं, यानं आता काय फरक पडतो? मेलेलं माणूस स्वतःची बाजू मांडू शकत नाही, तर निदान त्याच्यावर नवी तक्रार आपल्या हातून नको. आईचा कागद मी फायलीतच ठेवणार होते. मग तोही पिशवीत टाकला. सबंध वाटेत, शेतं पाण्यानं काळी पडलेली, मला तो पिशवीच्या तळाशी जाणवत होता, एखादा विस्तव कापडात बांधावा तसा.

दार उघडलं ती बाई उंच होती, ताठ, हातात काठी पण टेकलेली नाही. "मोई," तिनं इकडच्या रीतीनं नमस्कार केला. "बूट असू देत. फरशी काही राणीची नाही." मग मला वरपासून खालपर्यंत पाहून, "तू तिच्यासारखी दिसत नाहीस."

"मी बाबांवर गेले, मेव्राउ काउपर."

"बरं झालं. आणि आल्ट्ये म्हण. विबेंगांनी 'युफ्राउ काउपर, तुमचा कोट घ्या' म्हणून घालवलं मला. तेव्हापासून कुणी आडनावानं बोलावलं की मी खुंटीकडे बघते." ती हसली नाही. "त्या खुर्चीत नको बसूस. ती भिंत आता माझी नाही, भूकंपवाल्यांची आहे." भिंतीतून वरपासून खाली एक भेग गेली होती आणि तिच्यावर मापाची काचपट्टी चिकटवलेली होती. "जमिनीतला गॅस काढतात आणि वर आम्हाला हलवतात. महिन्याला एक बाई येते मोजायला. एकदाच मोजते! मी म्हटलं, बाई, दुसऱ्यांदा कोण मोजणार? तर म्हणते, मशीन अचूक आहे."

कॉफी आली. डब्यातून एक बिस्कीट मला, एक तिला, आणि झाकण बंद. मी कार्डाचं विचारलं. ते वाईट वाटावं म्हणून नव्हतं, ती म्हणाली. एवढंच, की मी अजून आहे. मग तिनं आपणहून सांगितलं. विबेंगांनी दोघींना उभं केलं, म्हणाले, १७९९५१ नं पूर्ण भाग जातो, कोणी कोणाचं पाहिलं? "रेन्स्के, तुझी आई, म्हणाली, मी नाही. मी म्हटलं, मी नाही. त्यांनी आमचे नऊ बघितले, घड्याळ बघितलं. माझी पाळी दुपारची. दुपारची मुलगीच सकाळचा कागद बघू शकते. सकाळच्या मुलीला दुपारचा कसा दिसणार? फार तर्कशुद्ध माणूस होता."

"पण मग आईनं तुमचं उतरवलं असं तुम्हाला कसं—"

"दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवलं असणार. कागद खणात असायचे. कुलूप नव्हतं." ती सहज बोलत होती, झिजून गुळगुळीत झालेली वस्तू हातातून फिरवावी तशी. "मी केलं नव्हतं. मग कोण उरलं? मलाही तर्क येतो." पुढच्या सप्टेंबरात विबेंगा तिची विद्यापीठासाठी शिफारस करणार होते, तिची एकटीचीच. त्याऐवजी बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं ती वजनकाट्यावर. "काही वाईट नव्हतं. आणखी वाईट असू शकलं असतं. आणि तिला मी माफ केलंय, बरं का. ब्याऐंशी साली, हंगामाची शेवटची गाडी काट्यावरून उतरली तेव्हा. मनात म्हटलं, वीस वर्षांची पोर, दांडा फिरवून खांदा गेलेला, एक बाकी उतरवली. एक. जाऊ दे. त्या दिवसापासून मला झोप चांगली लागते."

मी पिशवीतून १९५३ चे दोन कागद काढले आणि माझ्या अक्षरातला तिसरा. दोघींपैकी कुणीच उतरवलं नव्हतं, मी म्हटलं. दोघी एकाच यंत्रावर बसत होतात. एक हातचा राहिला, एकावर अकरा शून्यं एवढा, आणि त्याला भागलं की हीच बाकी येते, बघा. माझा आवाज मला शाळेतल्या बाईंसारखा येत होता. ती चष्मा लावून वाचत होती. खूप वेळ. काचपट्टीमागची भेग श्वास घेते आहे असं मला वाटलं.

"रोज सकाळी यंत्र तपासायचो की आम्ही," ती हळू म्हणाली. "१२३४५६७९ ला नवांनी गुणून. सगळे एक यायचे. नऊ एक."

"नऊच," मी म्हटलं.

"नऊच." तिचा हात टेबलावर उताणा पडला. "नऊ चाकं. अकरावं कुणी तपासलंच नाही. देवा. सबंध खोली जुळलं जुळलं म्हणून वह्या भरत होती." मग ती माझ्याकडे वळली, डोळे लहान झालेले. "हे तू शोधलंस?"

"हो," मी म्हणाले. किती सोपं होतं. बाहेर सायकलवरून कुणी घंटी वाजवत गेलं.

"रेन्स्केची पोर खरी. तिला कळायला हवं होतं गं हे. जायच्या आधी तिला कळायला हवं होतं. तीही मला चोर समजत गेली असणार." ती पुन्हा कागदावर वाकली. तिचं नख भागाकाराच्या ओळींवरून खाली आलं आणि थांबलं. "खाडाखोड कुठंच नाही," ती म्हणाली. नुसतं म्हणाली, जसं मीठ कमी आहे म्हणावं. "स्वतः भागलेल्या कागदावर कुठेतरी खोडलेलं असतं."

मी संडास कुठे आहे ते विचारलं. दार लावून घेतलं आणि उभी राहिले. समोर, जिथं आमच्याकडे सगळ्यांच्याच संडासात टांगलेलं असतं तिथं, वाढदिवसांचं कॅलेंडर होतं, वार नसलेलं, वर्षानुवर्षं चालणारं. महिना मार्च. मी पानं मागे उलटली. का, ते मला ठाऊक होतं. फेब्रुवारी, नऊ: रेन्स्के. पुढे पेन्सिलीनं छोटा क्रूस, ताजा. कॅलेंडर जेमतेम पाच-सहा वर्षांचं असेल, कागद अजून पांढरा होता. म्हणजे प्रत्येक नव्या कॅलेंडरवर तिनं ते नाव उतरवलं होतं, माफ करण्याच्या आधीही, नंतरही. दर नऊ फेब्रुवारीला इथं बसून तिनं ते वाचलं असणार. मी नळ सोडला, हात धुतले, पुन्हा धुतले. मला आई दिसत होती, करपलेल्या भांड्यासमोर, आणि पहिल्यांदाच मला तिचा बचाव सुचेना. तिनं त्रेपन्न साली खरं सांगितलं होतं. खरं दोन शब्दांचं होतं आणि ते एका मैत्रिणीकडे बोट दाखवत होतं. एकाहत्तरात त्यात आणखी एक ओळ घालायची राहिली, आणि ती का राहिली हे मी कितीही भागलं तरी निःशेष जाणार नव्हतं. लाज असेल. लाजेला दर वर्षी एक वर्ष जोडलं जात असेल, आणि मग उचलण्यापलीकडे जड झालं असेल. ते मला समजत होतं, कारण तासाभरात माझंही झालं होतं.

मी परत आले, बसले नाही. "तो कागद मी उतरवून घेतला आहे," मी म्हणाले. "हा मूळ." आणि चौकड्यांचा कागद तिच्यासमोर ठेवला, होडीसकट.

तिनं आधी नऊ ओळखले असणार. मग खाडाखोडी. मग कोपरा. तारखेवर तिचं बोट गेलं आणि तिथंच राहिलं. तिच्या ओठांची हालचाल मला दिसली. ती वजाबाकी करत होती, आणि मग दुसऱ्यांदा, उलट्या बाजूनं.

"माझा पत्ता होता तिच्याकडे?"

"होता. पत्रांच्या यादीत. तिच्याच अक्षरात, घराच्या नंबरासकट."

"या घरात मी सत्तर सालापासून आहे," ती म्हणाली. मग उठली, खणातून पेन्सिल आणली, आईचा कागद पालथा घातला आणि वर कॉफीची बशी ठेवली. माझाही पालथा घातला. कोऱ्या पाकिटाच्या पाठीवर तिनं एक लिहिला आणि त्यापुढे अकरा शून्यं, एकेक मोजून. ती भागत होती. एकदा तिनं खोडलं. बाहेर उजेड कमी होत गेला, तिनं दिवा लावला नाही, मला लावावा असंही वाटलं नाही; तिला जे येईल ते येईल, आणि ते वेगळं यावं अशी मी मूर्खासारखी मनातून प्रार्थना करत होते, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येईल. शेवटची ओळ आली. १४९५९४. तिनं बशी उचलली, आईचा कागद उलटा केला, पाकीट त्याच्या शेजारी नीट ठेवलं आणि दोन्हीकडे आकड्याला आकडा लावून बघितलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

आईनं भागाकाराखाली सवयीनं दोन चौकटी आखल्या होत्या, पहिलीत स्वतःची आद्याक्षरं, दुसरी मोकळी. आल्ट्येची पेन्सिल त्या मोकळ्या चौकटीवर आली. मग तिनं पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली.

"उतरवल्याबद्दल माफ केलं होतं मी तिला," ती म्हणाली. "तिनं उतरवलं नव्हतं. ती माफी आता कशालाच लागत नाही."

"आणि या गोष्टीबद्दल?"

"ही मला आज कळली, पोरी. पहिलीला एकोणतीस वर्षं लागली होती." तिनं चष्मा काढला आणि डोळे पुसले, पण रडल्यासारखे नाही, काम केल्यासारखे. "मी चौऱ्याऐंशीची आहे. मला घाई करायला लावू नकोस."

मी कागद गोळा करायला हात पुढे केला. तिनं आईच्या कागदावर आपला तळवा ठेवला.

"हा इथं राहील. तुझा तो स्वच्छ घेऊन जा."

मी माझा घेतला.